‘दंड भरून मोकळं व्हा’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

पत्र: माझी मुलगी 20 वर्षांची, पुण्यात कायद्याच्या पाच वर्षांच्या कोर्सला तिसऱ्या वर्षात आहे. तीन आठवड्यांपूर्वी जनसुरक्षा कायद्याच्या विरोधात आणि विद्यार्थी निवडणुका घ्याव्यात म्हणून मुलांनी मोर्चा काढला, रस्त्यावर बसून संविधानाची उद्देशिका वाचली. परवा तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोलीस ठाण्यातून नोटिशीचा फोटो आला. गुन्ह्यात तिच्यासह सात जणांची नावं आणि ‘इतर 30 ते 40’ असं आहे. कलमं: भारतीय न्याय संहिता 189(2), 190, 126(2), 223 आणि महाराष्ट्र पोलीस कायदा 37(1)(3), 135. शेजारी म्हणतात हा देशद्रोह. दीर म्हणतात अटकपूर्व जामीन आजच टाका. कॉलेजनं खुलासा मागितलाय. माफीनामा दिला तर मिटवू म्हणतात. मुलीला पुढं न्यायाधीशाची परीक्षा द्यायची आहे. ती माफी मागायला तयार नाही. यांचं म्हणणं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. गुन्हा कबूल करायचा, हजार-पाचशे दंड भरायचा आणि मोकळं व्हायचं. काय करावं? — एक आई, बार्शी

उत्तर:

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही दंडाचं जे लिहिलंय, सुरुवात तिथूनच करू. एवढ्या सगळ्या सल्ल्यांत मुलीचं कायमचं नुकसान करणारा सल्ला तोच आहे, आणि तो घरातूनच आलाय.

होतं असं. आरोपपत्र दाखल होतं, पहिली तारीख पडते. बोर्डावर शंभर प्रकरणं असतात. कुणीतरी कानात सांगतं, ‘कबूल आहे म्हणा, पाच मिनिटांत सुटाल.’ मूल कबूल म्हणतं, न्यायाधीश ‘कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड’ असं लिहितात, पावती हातात पडते. पण त्या पावतीच्या मागे आहे ती दोषसिद्धी. पुढं प्रत्येक फॉर्मवर ‘आपणांस न्यायालयानं शिक्षा केली आहे काय?’ या रकान्यात तिला ‘होय’ लिहावं लागेल. गुन्हा कबूल करून झालेल्या शिक्षेवर अपिलाची वाटही अरुंद असते: शिक्षा किती आणि कायदेशीर की बेकायदेशीर, एवढ्यापुरतीच. उलट आज तिच्यावर आहे तो फक्त नोंदवलेला गुन्हा. तो रद्द होऊ शकतो, शासन मागे घेऊ शकतं, पुराव्याअभावी सुटका होऊ शकते. पाचशे रुपयांत हे तिन्ही दरवाजे बंद होतात. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये हे खरं, पण चढवलंच आहे तर कबुली देऊन उतरू नये. लोकअदालतीत ‘मिटवून टाका’ म्हणून बोलावणं आलं, तरी आधी वकिलाला विचारायचं: कबुली लिहून घेणार आहेत की प्रकरण बंद होणार आहे?

आता शेजाऱ्यांचा देशद्रोह. जुनं 124-अ कलम सर्वोच्च न्यायालयानं 11 मे 2022 ला स्थगित ठेवलं. नव्या संहितेत त्याच्या जवळपास जाणारं कलम 152 आहे. तुमच्या कागदावर ते नाही. जे आहे ते असं: 189(2) म्हणजे पाच किंवा अधिक जणांचा बेकायदेशीर जमाव, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. 190 म्हणजे जमावातल्या एकानं समान उद्देशापोटी केलेलं सगळ्यांच्या अंगावर येणं. 126(2) म्हणजे वाट अडवणं, एक महिन्यापर्यंत. 223 म्हणजे सरकारी अधिकाऱ्याचा आदेश न पाळणं. पोलीस कायद्याची कलमं जमावबंदीची. न्याय संहितेतली ही कलमं जामीनपात्र आहेत. जामीनपात्र म्हणजे जामीन हा तिचा हक्क, मेहेरबानी नव्हे. आणि तो ठाण्यातच मिळतो.

त्यामुळं दिरांचा सल्लाही आज लागू नाही. अटकपूर्व जामीन (फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा, म्हणजे नागरिक सुरक्षा संहिता, तिचं कलम 482) अजामीनपात्र गुन्ह्यासाठी असतो. जामीनपात्र कलमांवर अर्ज टाकला तर कोर्ट ‘गरज नाही’ म्हणून निकाली काढतं आणि वकिलाची फी तेवढी जाते. तो अर्ज लागेल तो कलम वाढलं तर. मोर्चाच्या गुन्ह्यांत बहुतेकदा वाढतं ते 132, म्हणजे सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळाचा वापर. हे अजामीनपात्र आहे. एखाद्या शिपायानं ‘मला ढकललं’ असा पुरवणी जबाब दिला की ते येऊन बसतं. म्हणून वकिलानं आठवड्यातून एकदा तपास अधिकाऱ्याकडे किंवा कोर्टातल्या कागदांत कलमवाढ झाली का ते बघावं. वाढलं की त्याच दिवशी शिवाजीनगरच्या सत्र न्यायालयात अर्ज. तो मसुदा मात्र आत्ताच तयार करून ठेवला तर चालेल.

नोटीस. तिचा फोटो मोठा करून वरचं कलम वाचा, कारण ठाण्यातून येणारे कागद दिसायला सारखे असतात आणि अर्थ निराळे. आकडे नागरिक सुरक्षा संहितेतले बघायचे. 168 असेल तर ती नुसती ताकीद. जुन्या लोकांना ‘149 ची नोटीस’ म्हणून माहीत असलेली. 179 असेल तर तिला साक्षीदार म्हणून बोलावलंय, आणि बाईमाणसाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या राहत्या जागी यायचं असतं. 126 किंवा 130 असेल तर ती चॅप्टर केस: पुढं शांतता राखीन असा बंधपत्राचा मामला, सहायक पोलीस आयुक्तांसमोर चालणारा. तिथं गैरहजर राहिलं की वॉरंट निघू शकतं. आणि 35(3) असेल तर ती आरोपी म्हणून हजर राहण्याची नोटीस आहे. तुमचं वर्णन या शेवटच्या प्रकाराचं वाटतं.

35(3) ची नोटीस ही खरं तर चांगली बातमी. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं अर्नेशकुमार प्रकरणात 2014 ला बजावलं. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर कारणं लिहावी लागतात. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, हेही 2025 मध्ये सत्येंदरकुमार अंतिल प्रकरणात स्पष्ट झालंय. पण म्हणून ‘ही नोटीसच नाही’ म्हणत गप्प बसायचं नाही. न पाळलेली नोटीस हेच अटकेचं कारण म्हणून कोर्टापुढं येतं, मग ती नीट बजावली होती का यावर वाद घालायचा तो आत बसून. वकिलामार्फत चार ओळींचं पत्र द्या: व्हॉट्सअ‍ॅपवर नोटिशीचा फोटो मिळाला, रीतसर बजावणी व्हावी, मी तपासात सहकार्याला तयार आहे, अमुक तारखेला परीक्षा आहे म्हणून अमुक दोन तारखांपैकी एक द्यावी. आवक शिक्का मारलेली प्रत परत घ्यायची. शिक्का देत नसतील तर तेच पत्र स्पीड पोस्टानं आणि ठाण्याच्या ईमेलवर.

ज्या दिवशी जायचं त्या दिवशी: वकील किंवा निदान एक मोठं माणूस सोबत, आधारची झेरॉक्स, नोटीस, आपल्या पत्राची प्रत. चौकशीत वकिलाला भेटण्याचा हक्क आहे (याच संहितेचं कलम 38), पूर्ण वेळ शेजारी बसवण्याचा नाही; ‘वकिलांना आत येऊ द्या’ यावर भांडण नको, मधूनमधून बाहेर येऊन बोलायचं. नाव, पत्ता, शिक्षण खरं सांगायचं. ज्या उत्तरानं आपणच गुन्ह्यात अडकू, ते द्यायचं बंधन नाही. ‘माझ्या वकिलांशी बोलून लेखी देते’ एवढं वाक्य पुरतं. पोलिसांपुढच्या जबाबावर सही लागत नाही, कायद्यातच तसं आहे (कलम 181). कोऱ्या कागदावर सही नाही, न वाचलेल्या पंचनाम्यावर नाही. आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ लगेच लिहून ठेवायची.

फोन घरी ठेवून गेली तर चालेल. ग्रुप मात्र काढून टाकायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही. समोरच्या चाळीस फोनमध्ये ते आहेच. पुसल्यानं उलट ‘पुरावा नष्ट केला’ हा मुद्दा फुकट मिळतो. 2021 च्या, शेतकरी आंदोलनाच्या टूलकिट प्रकरणात बंगळुरूच्या 22 वर्षांच्या दिशा रवीच्या जामिनाला विरोध करताना ग्रुप पुसल्याचा मुद्दा असाच पुढं केला होता. तिला दहा दिवसांनी, 23 फेब्रुवारीला जामीन मिळाला. त्याच प्रकरणात बीडचा शंतनू मुळूक आणि मुंबईची वकील निकिता जेकब यांना मुंबई उच्च न्यायालयाकडून मुदतीचा ट्रान्झिट अटकपूर्व जामीन मिळाला, कारण गुन्हा दिल्लीत होता आणि माणसं महाराष्ट्रात. उद्या एखाद्या पोस्टवरून तिच्यावर दुसऱ्या राज्यात गुन्हा निघाला तर हा मार्ग लक्षात असू द्या.

फोन जप्त झालाच तर पंचनाम्यात मॉडेल, आयएमईआय आणि सिमकार्ड लिहिलंय का बघायचं, हॅश व्हॅल्यू (फोनमधली माहिती नंतर बदलली तर उघड करणारा आकडा) नोंदवायला सांगायचं, पाकीट तिच्यासमोर सीलबंद करून घ्यायचं. जप्तीचं व्हिडिओ चित्रण आता संहितेतच सांगितलंय. पासवर्ड तोंडी मागितला तर लेखी आदेश मागायचा आणि वकिलाला विचारायचं. फोन परत मिळवायला कोर्टात मुद्देमाल परतीचा अर्ज करता येतो. तो कुणी आपणहून आणून देत नाही.

अटक होण्याची शक्यता आज कमी आहे, तरी एवढं पाठ असू द्या. 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढं हजर करावं लागतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. अटकेची कारणं लेखी, तिला समजेल त्या भाषेत द्यावी लागतात. मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र या 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही अट सगळ्या गुन्ह्यांना लावली. घरी कळवण्यासाठी ती एकच नाव देईल; ते कुणाचं हे आजच ठरवा आणि तो नंबर तिला तोंडपाठ हवा, फोनमधला उपयोगाचा नाही. ती कुठं आहे हे ठाणं सांगत नसेल तर पोलीस नियंत्रण कक्षाला विचारा, अटक केलेल्यांची नावं तिथं ठेवावी लागतात.

जामीनदाराचे कागद तयार ठेवा. तुम्ही किंवा दीर चालाल. आधार, रेशनकार्ड, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, नोकरी असेल तर पगारपत्रक, दोन फोटो. मूळ कागद आणि तीन झेरॉक्स. अडतं कुठं? सातबारावर ‘सुभद्राबाई’ आणि आधारवर ‘सुभद्रा’, एवढ्यावर शिरस्तेदार कागद परत करतो. नाव सारखं नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा, शुक्रवारी संध्याकाळी ते सुचून उपयोग नाही. ठाण्यात किंवा कोर्टात जातमुचलक्यावर, म्हणजे तिच्या स्वतःच्या बंधपत्रावर, सोडा असं आधी मागायचं. ते नाही तर रोख जामीन, ते नाही तर जामीनदार.

कॉलेजचा माफीनामा. पोलिसांपुढं दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, साक्ष अधिनियमाचं कलम 23 तिला आडवं येतं. प्राचार्यांना लिहिलेल्या पत्राला असं कुठलंच संरक्षण नाही. ‘माझ्याकडून बेकायदेशीर मोर्चात सहभागी होण्याची चूक झाली, पुन्हा करणार नाही’ हे वाक्य उद्या कोर्टात जसंच्या तसं वाचून दाखवता येतं, आणि सही तिचीच. म्हणजे घरच्यांना सगळ्यात निरुपद्रवी वाटणारा कागदच जास्त घातक. खुलासा द्यायचा, मुदतीत द्यायचा, पण असा: ‘आपलं अमुक तारखेचं पत्र मिळालं. सदर प्रकरण तपासाधीन असल्यानं त्यातील घटनांबाबत या टप्प्यावर लेखी म्हणणं मांडणं योग्य होणार नाही. माझ्याविरुद्ध कारवाई प्रस्तावित असल्यास आरोपांची प्रत, आधारभूत कागद आणि सुनावणीची संधी मिळावी.’ बास. सुनावणी न घेता काढून टाकलं तर ते टिकत नाही. मे 2025 मध्ये पुण्यातल्याच एका 19 वर्षांच्या विद्यार्थिनीला सोशल मीडियावरच्या पोस्टवरून अटक झाली, कॉलेजनं म्हणणं न ऐकता नाव कमी केलं. मुंबई उच्च न्यायालयानं जामीन दिला, कॉलेजचा आदेश थांबवला आणि तिला परीक्षेला बसू दिलं. तुमच्या मुलीचं हॉल तिकीट अडवलं तर त्याच दिवशी लेखी कारण मागा. हजेरीचा हिशेब मात्र चोख हवा. मोर्चावरून नाही अडवता आलं तर हजेरीच्या टक्क्यांवरून अडवतात.

आता बचावाचे कागद. यातले काही या आठवड्यातच गोळा झाले पाहिजेत.

एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून शोधा. नसेल तर ठाण्यात अर्ज. एफआयआर वाचताना मजकुरापेक्षा वेळा बघा: घटना किती वाजता, नोंद किती वाजता, फिर्यादी कोण. मग जमावबंदीचा मूळ आदेश मिळवा. कलम 37(3) चा आदेश एरवी 15 दिवसांपुरताच असतो आणि पुन्हा पुन्हा काढला जातो. मोर्चाची तारीख दोन आदेशांच्या फटीत पडली तर खटल्याचा कणाच मोडतो. मुलं बसली तो रस्ता आदेशातल्या हद्दीत आहे का, तो आदेश प्रसिद्ध कसा केला होता, मुलांनी परवानगीचा अर्ज दिला होता का आणि त्याची शिक्क्याची प्रत कुणाकडं आहे, हेही विचारा. 223 बद्दल वकिलाला एक आठवण करा: त्या कलमाची दखल कोर्ट संबंधित अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच घेऊ शकतं (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 215). नुसत्या आरोपपत्रात ते घातलेलं असेल तर तिथं भांडायला जागा आहे.

व्हिडिओ. ती कडेला बसून उद्देशिका वाचत होती, रुग्णवाहिकेला वाट दिली, असं काही कुणाच्या फोनमध्ये असेल तर मूळ फाइल त्या फोनमध्येच राहू द्या आणि प्रत पेनड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली फाइल दाबली जाते, वेळ-तारखेची माहिती गळते, आणि कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र (साक्ष अधिनियमाचं कलम 63) मूळ यंत्राविषयी द्यावं लागतं. शेजारच्या दुकानांचं सीसीटीव्ही काही आठवड्यांत स्वतःवरच पुन्हा लिहिलं जातं. तीन आठवडे तर गेलेच आहेत; ते जपून ठेवण्याचा अर्ज उद्याच.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बायकांना तिथं उत्पन्नाची अट नाही, हेल्पलाइन 15100. सातही मुलांनी एकच वकील घ्यावा का? आज हो, खर्च वाटला जातो. पण कुणी दुसऱ्यावर ढकलायला लागलं, किंवा कुणाचं 132 वेगळं झालं, की वकील वेगळे करावेत. दिरांच्या ओळखीच्या साहेबांना फोन लावू नका. ‘आतून मिटलं’ असं जे सांगतात, त्याचा कागद कुणाकडंच नसतो, आणि दोन वर्षांनी वॉरंट येतं तेव्हा साहेबांची बदली झालेली असते.

आणि वॉरंटावरूनच सांगायचं तर, अशा खटल्यांत मुलं कलमांनी नाही, तारखांनी अडकतात. शिकून मूल बंगळुरूला किंवा दिल्लीला जातं, पत्ता बदलतो, समन्स जुन्या हॉस्टेलवर जातं, कोर्ट अजामीनपात्र वॉरंट काढतं. मग विमानतळावर किंवा पडताळणीत ते उगवतं. पत्ता बदलला की कोर्टाला आणि ठाण्याला लेखी कळवायचं, केसचा नंबर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर जतन करायचा, जमणार नसेल त्या तारखेला वकिलानं हजेरीमाफीचा अर्ज द्यायचा.  जास्तीत जास्त एक वर्ष शिक्षेच्या गुन्ह्यांना वर्षाची मुदत असते (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 514), पण ती मोजताना एफआयआर नोंदवल्याची तारीख धरतात; इथं गुन्हा आधीच नोंदलाय, म्हणून तिच्यावर विसंबू नका. 

गुन्हा मागे घेण्याचं: राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्यासाठी राज्य शासन वेळोवेळी निर्णय काढतं. जीवितहानी नसावी, मालमत्तेचं नुकसान 5 लाखांच्या आत असावं आणि गुन्हा ठरावीक तारखेआधीचा असावा, अशा अटी असतात. समितीपुढं अर्ज, मग सरकारी वकिलाचा कोर्टात अर्ज, मग कोर्टाची संमती (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 360). घोषणा झाली म्हणजे खटला संपला नाही, तारखा चालू ठेवायच्या. गंमत म्हणजे आरोपींत आजी-माजी आमदार किंवा खासदार असतील तर 2021 च्या निकालानुसार उच्च न्यायालयाची परवानगी लागते. फोटोपुरते पुढं आलेले नेते इथं पोरांच्या गळ्यातला धोंडा होतात. यादीतली बाकी सहा नावं कोणाची आहेत?

न्यायाधीशाची परीक्षा एमपीएससीमार्फत होते आणि निवडीनंतर चारित्र्य पडताळणी होते. तिथं गुन्हा लपवायचा नाही. अवतारसिंग प्रकरणात (2016) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते इतकंच की किरकोळ गुन्हा असल्यानं माणूस आपोआप अपात्र होत नाही, खोटं लिहिल्यानं मात्र निवड जाऊ शकते. किशोरवयात किंवा तरुणपणी घोषणा दिल्या, एवढ्यासारख्या प्रकरणाकडे दुर्लक्ष करता येईल, असंही त्यातच आहे. पासपोर्टचं वेगळं: नुसत्या एफआयआरनं तो अडत नाही, कोर्टानं दखल घेतली की प्रलंबित खटला म्हणून अडतो, आणि तेव्हा त्या कोर्टाची परवानगी घेऊन मिळतो, आदेशात मुदत नसेल तर एक वर्षाचा. म्हणून ‘किती वर्षांसाठी’ हे आदेशातच लिहून मागायचं. अर्ज करायचाच असेल तर आरोपपत्राची वाट न बघता आत्ता करावा, खरी माहिती भरून.

यूएपीएचं, म्हणजे बेकायदेशीर कृत्यं प्रतिबंधक कायद्याचं नाव कुणी काढलं तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच तासाला फौजदारीतला जाणता वकील गाठायचा. तिथं जामिनाची कसोटी वेगळी, आरोपपत्राला 180 दिवसांपर्यंत मुदत. दिल्लीच्या नताशा नरवाल, देवांगना कलिता आणि आसिफ इक्बाल तन्हा या विद्यार्थ्यांना उच्च न्यायालयातून जून 2021 मध्ये जामीन मिळाला तोवर त्यांनी वर्षभर तुरुंग पाहिला होता. तुमच्या कागदात त्याची सावलीही नाही.

ती माफी मागायला तयार नाही, असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. ती 20 वर्षांची आहे; वकीलपत्रावर सही तिची, कबूल-नाकबूल तिचं. वकिलाकडे तिघं मिळून जा, पण पहिली पंधरा मिनिटं तिला एकटीला बोलू द्या. घरच्यांपुढं मुलं अर्धं सांगतात आणि वकिलाला उरलेलं अर्धंच हवं असतं.

आणि ताई, पत्रासोबत तुम्ही नोटिशीचा फोटो पाठवला होता. त्यावर वरचं कलम आम्हाला वाचता आलं नाही, पण मुलीचं पूर्ण नाव, हॉस्टेलचा पत्ता आणि गुन्हा नंबर स्पष्ट दिसतो. आमच्याकडून तो पुसला आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला असेल तर त्यांना पुढं न पाठवण्याची विनंती करा, आणि तुमच्याकडची मूळ प्रत वकिलासाठी ठेवा.